मूठ, धक्का आणि पुंगळी

सुपे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले सुपे उभे राहते. परंतु मी ज्या सुप्याचा रहिवासी आहे ते बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले, मोरगावच्या मयूरेश्वराच्या शेजारचे. शहाजीराजांच्या जहागिरीचा उल्लेख जेथे जेथे येतो तेथे तेथे पुणे आणि सुपे ही दोन परगण्यांची नावे जोडीने येतात, आणि संभाजी मोहित्यांच्या हातचे येथील ठाणे शिवाजी महाराजांनी आपल्या अमलाखाली आणल्याची हकीकत शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्या काळची शस्त्रे आता वस्तुसंग्रहालयांत आहेत. माझ्या घरी खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडली जातात ती विळा, कोयता, सुतारकामाची पटाशी, आणि अलीकडच्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी अक्रोडाच्या लाकडाची वेडीवाकडी मूठ असलेले, पॉइंट बावीसचे एक पिस्तूल.

हे पिस्तूल पाहून येणाजाणारा हमखास शिकारीविषयी विचारतो, म्हणून त्याचा खुलासा आधीच केलेला बरा. गावालगत मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य पाच चौरस किलोमीटरांहून किंचित मोठे, म्हणजे राज्यातील अगदी लहान अभयारण्यांपैकी एक, आणि त्याची सारी प्रतिष्ठा चिंकारा नावाच्या नाजूक हरणावर उभी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्या हरणावर शस्त्र रोखणे हा गंभीर गुन्हा ठरविला आहे, आणि तसे नसते तरीही ज्याने त्याला संध्याकाळच्या उन्हात गवतातून उड्या घेत जाताना पाहिले आहे त्याच्या मनात तो विचार यावा असे मला वाटत नाही. माझ्या पिस्तुलाचे लक्ष्य पंचवीस मीटरांवरचा कागद आहे. त्या कागदाच्या मधोमध पन्नास मिलिमीटर व्यासाचे एक वर्तुळ असते, त्याला ‘दहा’ म्हणतात, आणि एकदा तेथे गेलेली गोळी पुन्हा तेथेच जावी, तिसरीही तेथेच जावी, एवढाच या विद्येचा हेतू आहे. एक उत्तम नेम कोणाचाही लागू शकतो. साठ नेम सारखे लागणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि या छंदातील मूठ, धक्का व काडतूस यांविषयीची सारी खटपट त्या एका सारखेपणासाठी चाललेली असते.

या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेशी मराठी माणसाचा संबंध आरंभापासूनचा आहे. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. मावळंकरांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेतून आजही देशभरातील नवे नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यापर्यंत पोचतात. आम्हा पुणे जिल्ह्यातील मंडळींना सरावासाठी जवळचे स्थान म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी ते उभारले गेले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेतील नेमबाजीही तेथेच झाली. सुप्याहून जेजुरी-सासवडमार्गे निघावे किंवा चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागावे, पुणे शहर आडवे पार करावेच लागते. पण त्या प्रवासाचा मला कधी कंटाळा आला नाही.

कायद्याची बाब थोडक्यात सांगतो. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याच्या, खेळाच्या हवाई पिस्तुलास परवाना लागत नाही, आणि दहा मीटरांवरचा सराव त्यावर वर्षानुवर्षे करता येतो. दारूच्या काडतुसाचे पिस्तूल मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते. त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा शहरात पोलीस आयुक्तांच्या दफ्तरातून मिळवावा लागतो, काडतुसांची खरेदी नोंदवावी लागते, आणि ही शिस्त मला जाचक वाटत नाही. जी वस्तू माणसाचा प्राण घेऊ शकते ती बाळगणाऱ्याने तिचा हिशेब सरकारदरबारी द्यावा, हे योग्यच आहे.

आता मुठीकडे वळतो. ज्याने ऊसतोडीच्या फडात कोयता हाती धरला आहे त्याला ठाऊक असते की पाते सर्वांचे सारखेच असले तरी मूठ ज्याची त्याचीच असते. दुसऱ्याचा कोयता तासाभरात तळहाताला फोड आणतो. पिस्तुलाची मूठ याहून शतपट हट्टी असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तूल एकाच हाताने, मनगटाला कशाचाही आधार न देता, मोकळ्या हवेत धरायचे असते. पंचवीस मीटरांच्या पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅमपर्यंत चालते, हवाई पिस्तुलाचे १,५०० ग्रॅमपर्यंत, आणि मुठीसकट सारे यंत्र ठरावीक मापाच्या पेटीत बसले पाहिजे. एवढ्या बंधनांत राहून मुठीने हाताला अशी जागा द्यावी लागते की डोळे मिटून पिस्तूल उचलले आणि डोळे उघडले तर पुढची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखी उजेडाची फट ठेवून, आपोआप उभी असावी. ती डावीकडे दिसली तर मनगट वळवून सरळ करणे ही नवशिक्याची चूक. मनगट थकले की ते आपल्या मूळ जागी परत जाते आणि बरोबर गोळीही नेते. दोष मुठीत आहे असे समजून कानस हाती घेणे हाच त्यावरचा उपाय.

परदेशी कारखान्यांच्या मुठी लहान, मध्यम व मोठ्या मापांत येतात, आणि माप युरोपीय हातांचे असल्यामुळे आपल्याकडील अनेकांना, विशेषतः मुलींना, मध्यम मूठही हातात भरून उरते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यापासून चापापर्यंतचे अंतर मोजले जाते. हे अंतर अधिक असेल तर बोट चाप सरळ मागे न ओढता कडेला ढकलते. कमी असेल तर बोटाचा मधला भाग मुठीला घासतो आणि चाप ओढताना सारे पिस्तूलच किंचित हलते. जेथे लाकूड जास्त तेथे कानस, जेथे पोकळी तेथे लाकडी लांबी. मी माझी मूठ तीन महिने घडवीत होतो. रोज रात्री हाताला खडूची पूड लावायची, मूठ धरायची, सोडायची, आणि जेथे पूड लागली नाही तेथे तळहात व लाकूड यांची भेटच झालेली नाही असे समजायचे. करंगळीने दाबायचे नाही, अंगठ्याने ढकलायचे नाही, मधल्या दोन बोटांनी सरळ मागे ओढून धरायचे, आणि तर्जनीने या कशाचीही दखल न घेता एकटीने आपले काम करायचे. एका हाताची पाच बोटे अशी परस्परांपासून अलग वागायला शिकविणे किती कठीण आहे हे तबलजीला सांगावे लागणार नाही.

एवढ्या काटेकोरपणाची आवश्यकता काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. माशी आणि खाच यांत साधारण बावीस सेंटिमीटर अंतर असते. हात सर्वच्या सर्व एक सेंटिमीटर सरकला, पण माशी व खाच यांची रेषा समांतर राहिली, तर गोळी कागदावरही एकच सेंटिमीटर सरकते आणि दहातच राहते. उलट माशी खाचेत अवघी अर्धा मिलिमीटर कलली तर पंचवीस मीटरांवर ती चूक सुमारे सत्तावन्न मिलिमीटर होते, आणि गोळी आठाच्या वर्तुळात जाऊन पडते. म्हणून हाताच्या थरथरीला घाबरू नये, ती सर्वांचीच असते. नजर लक्ष्यावरून काढून माशीवर ठेवावी आणि समोरचा काळा गोल धूसर दिसला तर दिसू द्यावा. ज्याला गाठायचे त्याच्याकडे स्पष्ट पाहायचे नाही, ही गोष्ट पचनी पडायला मला एक वर्ष लागले.

धक्क्याविषयी लोकांत जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाविषयी नसतील. बंदूक लाथ मारते, असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु लाथेचे माप निरनिराळे असते. पॉइंट बावीसची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची, आणि ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरांच्या आसपास वेगाने निघते. पिस्तूल तिच्या चारशे-साडेचारशे पट जड. नऊ मिलिमीटरच्या लष्करी पिस्तुलाची गोळी सुमारे आठ ग्रॅमची, आणि वेग तेवढाच किंवा थोडा अधिक. त्याचा धक्का शक्तीच्या हिशेबाने पहिल्याच्या दहा-पंधरा पट येतो. ही लाथ गोळी बाहेर पडल्यावर बसते असे वाटते, पण तसे नाही. गोळी नळीत पुढे सरकू लागताच पिस्तूल मागे सरकू लागते. गोळीने नळीतील बारा सेंटिमीटर वाट संपविली तेव्हा पिस्तूल पाव मिलिमीटर मागे आलेले असते. त्या पाव मिलिमीटरात पकड एका वेळी घट्ट आणि एका वेळी सैल असेल तर नळीचे तोंड प्रत्येक वेळी निराळ्या दिशेला उचलले जाईल. यासाठीच उत्तम पिस्तुलात नळीची रेषा हाताच्या जितकी जवळ आणता येईल तितकी खाली आणलेली असते, म्हणजे धक्का मनगट वर न फिरवता सरळ बाहूतून खांद्याकडे जातो.

परंतु खरे नुकसान धक्का करीत नाही. धक्क्याची प्रतीक्षा करते. बार होणार या जाणिवेने हात क्षणभर आधीच दचकतो आणि नळी खाली दाबतो. मला स्वतःला हे कधीच कबूल नव्हते. एके दिवशी आमच्या प्रशिक्षक सरांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये पाच काडतुसांत एक प्लॅस्टिकचे खोटे काडतूस घातले. चौथ्या वेळी चाप सुटला, बार झाला नाही, आणि सर्वांच्या देखत माझ्या पिस्तुलाने जमिनीकडे मान टाकली. सर एवढेच म्हणाले, “पाहिलंत? पिस्तूल जागेवर होतं, काका.” त्यानंतरचे कित्येक आठवडे मी एकही गोळी झाडली नाही. सुप्याच्या घरी ओसरीत, रिकामे पिस्तूल दोनदा तपासून, पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहून, केवळ हात उचलणे आणि माशी न हलविता चाप सोडणे एवढेच करीत राहिलो.

याच पंचवीस मीटरांच्या प्रकारात महाराष्ट्राच्या दोन कन्यांनी जे केले ते आठवले की मन भरून येते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद यांनी सुवर्ण व राही सरनोबत यांनी रौप्य मिळविले आणि दोघींनी मिळून जोडीचे सुवर्णही आणले. चार वर्षांनी ग्लासगोला तीच दोन पदके त्याच दोघींनी क्रम बदलून जिंकली. कोल्हापूरच्या राहींनी २०१३ साली कोरियातील चांगवोन येथे विश्वचषकात सुवर्ण मिळविले, तेव्हा पिस्तुलात असे यश भारताला प्रथमच लाभले. पुढे कोपराच्या दुखापतीने त्यांचा हात दीर्घकाळ अडला. पिस्तूल धरणाऱ्याचे कोपर म्हणजे गवयाचा गळा. २०१८ साली पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत त्या अंतिम फेरीत उतरल्या तेव्हा मंगोलियात जन्मलेल्या आणि दोन ऑलिंपिक कांस्यपदके मिळविलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन त्यांच्या मार्गदर्शक होत्या. अंतिम फेरीत हात पंचेचाळीस अंशांवर खाली ठेवून थांबायचे, हिरवा दिवा लागताच तीन सेकंदांत उचलून एकच गोळी झाडायची, आणि ती १०.२ च्या आत बसली तरच गुण, अन्यथा शून्य. पन्नास गोळ्यांअखेर राही आणि थायलंडची प्रतिस्पर्धी दोघींचे चौतीस गुण झाले. पाच गोळ्यांच्या निर्णायक फेरीतही बरोबरी झाली. दुसऱ्या निर्णायक फेरीत तीन विरुद्ध दोन असा निकाल लागून आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी पहिली भारतीय महिला कोल्हापूरची ठरली. महाराष्ट्र शासनाने राहींना उपजिल्हाधिकारी नेमले आहे.

काडतूस पुन्हा भरण्याची विद्या आपल्याकडे जुनीच म्हटली पाहिजे. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार माणूस स्वतःच भरीत असे, आणि शेतराखणीच्या बंदुकीत दारू किती मावते हे त्या घरचा वडीलधारा मापाने जाणत असे. आजच्या काडतुसात पितळेची पुंगळी, बुडाची टोपी, दारू आणि गोळी असे चार जिन्नस असतात. पितळच का, याचे कारण मला फार सुंदर वाटते: बार होताच पुंगळी फुगून नळीच्या घराला चिकटते व धूर मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आक्रसून सहज बाहेर निघते. म्हणूनच ती स्वच्छ करून, साच्यातून मूळ मापाला आणून, नवी टोपी, तोलून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून पुन्हा वापरता येते. परदेशातील मध्यटोपीच्या पिस्तुलाचे नेमबाज हे काम मोठ्या निष्ठेने करतात. त्यांना काटकसर हवीच असते, पण त्याहून अधिक, प्रत्येक बार आधीच्यासारखा हवा असतो. चपट्या तोंडाची गोळी ते मुद्दाम निवडतात, कारण ती कागदाला फाडीत नाही, पंचिंगसारखे स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण वाचताना वाद उरत नाही. आपल्या देशात परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा असल्यामुळे हा गृहोद्योग आपल्या नेमबाजाच्या वाट्याला येत नाही. शिवाय पॉइंट बावीसच्या काडतुसात स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेच्या घडीत भरलेले असते. सुईच्या आघाताने ती कड एकदा चेपली की पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही.

मग आमच्याकडे सारखेपणा येतो तो निवडीतून. एकाच कारखान्याच्या एकाच दिवशीच्या घाण्यातली काडतुसे एका नळीला मानवतात, दुसऱ्या घाण्यातली मानवत नाहीत. पिस्तूल शिकंज्यात आवळून दहा-दहा गोळ्या झाडल्या की कोणता गट घट्ट येतो ते दिसते, आणि तो घाणा मिळेल तेवढा घेऊन ठेवायचा.

मूठ मात्र कधीच एकदाची पुरी होत नाही. सुप्याच्या वैशाखात तळहात फुगतो, पौषात आखडतो, पावसाळ्यात लाकूड ओल धरते; हाताखालच्या आडव्या फळीचा स्क्रू त्याप्रमाणे कमीजास्त करावा लागतो. माझ्या वहीत त्याची नोंद तिथीवार आहे. कालच मी तो पाव फेरा सैल केला, आणि आज सकाळी ओसरीत डोळे मिटून हात उचलला तेव्हा माशी केसभर उजवीकडे होती.