शैक्षणिक नोंदींची जोडणी आणि तिची पाहणी

अमेरिकेच्या संघराज्यात शालेय शिक्षण हा मूलतः राज्यांच्या अखत्यारीतील विषय असला, तरी शिक्षणाविषयीची माहिती जमवणे हे संघीय शासनाचे फार जुने काम आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या संघीय शिक्षण विभागाकडे प्रामुख्याने आकडेवारी गोळा करून ती प्रसिद्ध करण्याचीच जबाबदारी होती. त्या परंपरेतील एक अलीकडचे काम म्हणजे राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने राज्यांच्या दीर्घकालीन शैक्षणिक विदाप्रणालींची केलेली पाहणी. या पाहणीत एकाही विद्यार्थ्याची माहिती मागितली जात नाही. विद्यार्थ्याच्या नोंदी वर्षानुवर्षे सांधत जाणारी व्यवस्था राज्याजवळ आहे काय आणि तिचा पल्ला कोठवर जातो, हे राज्याच्या शिक्षण खात्याला विचारले जाते.

शाळेच्या पटावर एका ठरावीक दिवशी किती मुले होती, ही माहिती त्या दिवसापुरती असते. पुढच्या वर्षी पट तेवढाच राहिला, तरी मुले तीच आहेत की काही गेली आणि तितकीच नवी आली, हे तिच्यातून कळत नाही. दीर्घकालीन प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायम ओळखक्रमांक दिला जातो आणि त्याचा प्रवेश, हजेरी, परीक्षांचे गुण, शाळाबदल व उत्तीर्णता यांच्या नोंदी त्या क्रमांकाला जोडल्या जातात, त्यामुळे तेच मूल पुढे कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

या फरकाचा व्यावहारिक परिणाम माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणात सर्वांत स्पष्ट दिसला. हे प्रमाण प्रत्येक राज्य पूर्वी आपापल्या रीतीने काढत असे, त्यामुळे राज्याराज्यांची तुलना अविश्वसनीय ठरे. संघीय शिक्षण विभागाने २००८ मध्ये नियम करून समान पद्धत ठरवली : नववीत प्रथमच आलेल्या मुलांचा एक गट धरायचा, बाहेरून आलेल्यांची त्यात भर घालायची, इतरत्र गेलेल्यांना वगळायचे आणि चार वर्षांत नियमित पदविका मिळवणाऱ्यांचे त्या गटाशी प्रमाण काढायचे. दुसऱ्या शाळेत नाव दाखल झाल्याची लेखी खातरजमा असल्याखेरीज 'शाळा बदलली' एवढ्या शेऱ्यावर कोणालाही गटातून वगळता येणार नव्हते. साहजिकच प्रत्येक मुलाचा माग ठेवणे अपरिहार्य झाले. या पद्धतीने २०१०-११ या वर्षासाठी काढलेले पहिले राष्ट्रीय प्रमाण ७९ टक्के होते.

अशा प्रणाली उभारण्यासाठी राज्यांना अनुदान देण्याची तरतूद २००२ च्या कायद्याने झाली आणि २००५ मध्ये पहिल्या फेरीत १४ राज्यांची निवड झाली. मंदीच्या काळातील, २००९ च्या अर्थव्यवस्था सावरण्याच्या कायद्यातून या कार्यक्रमाला आणखी २५ कोटी डॉलर मिळाले. मात्र शिक्षणसंशोधनाच्या २००२ च्या ज्या कायद्यात ही तरतूद आहे, त्याच कायद्याने वैयक्तिक ओळख पटेल अशा माहितीचा देशव्यापी साठा उभारण्याचा अधिकार संघीय शासनाला मिळणार नाही, हेही स्पष्ट केले. पैसा संघीय शासनाचा आणि नोंदी मात्र राज्याच्या, अशी ही रचना असल्यामुळे, दिलेल्या पैशातून काय उभे राहिले हे जाणण्यासाठी राज्यांना प्रश्नावली पाठवणे क्रमप्राप्त होते.

प्रश्नावलीचा भर स्वयंचलित जोडणीच्या क्षमतेवर आहे. शालेय विद्यार्थी, शिक्षक, पूर्वप्राथमिक शिक्षण, उच्च शिक्षण, व्यावसायिक शिक्षण आणि रोजगार या क्षेत्रांच्या नोंदी परस्परांशी जोडता येतात काय, ते काम चालू आहे, नियोजित आहे की नियोजनातच नाही, आणि जोडलेल्या माहितीचा उपयोग कशासाठी होतो, अशी विचारणा तीत असते.

'जोडणी' मात्र सर्वत्र एकाच प्रकारची नसते. मेरीलँडने २०१० च्या कायद्याने स्वतंत्र केंद्र स्थापून विविध खात्यांच्या नोंदी एका ठिकाणी आणल्या. व्हर्जिनियाने नोंदी त्या त्या खात्यातच राहू दिल्या आणि एखाद्या अभ्यासापुरती, ओळखीचे तपशील काढून टाकून, त्यांची तात्पुरती सांगड घालण्याची पद्धत स्वीकारली. रोजगाराशी जोडणी तर अधिकच अवघड आहे. वेतनाच्या नोंदी बेरोजगारी विम्यासाठी मालक दर तिमाहीला राज्याकडे पाठवतात आणि त्या सामाजिक सुरक्षा क्रमांकावर आधारलेल्या असतात, तर अनेक ठिकाणी शाळा तो क्रमांक घेतच नाहीत; शिवाय स्वयंरोजगार करणारे, संघीय कर्मचारी आणि दुसऱ्या राज्यात नोकरीला गेलेले या नोंदींत सापडत नाहीत. म्हणून 'जोडणी होते' या उत्तरामागे सर्व पदवीधर दिसतात, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे.

पाहणीची मुख्य मर्यादाही येथेच आहे : उत्तरे राज्येच देतात आणि ती क्षमतेविषयीची असतात. 'डेटा क्वालिटी कॅम्पेन' या बिगरसरकारी संस्थेने २००५ मध्ये अशा प्रणालीचे दहा आवश्यक घटक ठरवून राज्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा दहाही घटक असलेले एकही राज्य नव्हते. २०११ पर्यंत ते ३६ राज्यांत आले. परंतु यंत्रणा उभी राहिली म्हणजे शिक्षक, पालक आणि धोरणकर्ते तिचा उपयोग करू लागले, असे होत नाही, हे ओळखून त्या संस्थेनेही आपला भर उभारणीवरून उपयोगाकडे वळवला.

दुसरी बाजू खासगीपणाची आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ पासून संघीय कायद्याचे संरक्षण असले, तरी २०११ मध्ये नियम सैल करून संशोधन व मूल्यमापनासाठी नोंदी देण्याची वाट रुंद केल्यावर पालकांत अस्वस्थता वाढली. अनेक राज्यांच्या नोंदी एकत्र ठेवू पाहणारी 'इनब्लूम' ही ना-नफा संस्था पालकांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये बंद झाली. तंत्र सिद्ध असूनही विश्वास नसेल तर प्रणाली टिकत नाही. विश्वासाचे मोजमाप मात्र क्षमतेच्या प्रश्नावलीत बसत नाही. पाहणी करणारी संस्थाही अढळ नसते : मार्च २०२५ मधील कर्मचारीकपातीत सांख्यिकी केंद्राकडे मोजकेच अधिकारी उरले.

भारताचा मार्ग अमेरिकेच्या उलट दिशेने गेला आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'सरल' प्रणालीतून विद्यार्थीनिहाय नोंदी सुरू केल्या, आणि केंद्र सरकारच्या 'यूडायस प्लस' या शालेय माहिती प्रणालीत २०२२-२३ पासून शाळानिहाय एकत्रित आकड्यांच्या जागी प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद घेतली जाऊ लागली. त्यानंतर देशातील एकूण पटसंख्या घटलेली दिसली आणि पद्धत बदलल्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नये, असे शिक्षण मंत्रालयाला सांगावे लागले. अमेरिकेत संघीय शासनाला मूल दिसत नाही म्हणून त्याला प्रणालीविषयी विचारावे लागते. भारतात मूल केंद्र सरकारच्याच संगणकावर दिसत असल्याने प्रणालीविषयी विचारण्याची गरज उरली नाही, असा समज होऊ शकतो. मात्र नाव पटावरून कोणत्या पुराव्यावर कमी केले, दोन नोंदी एकाच मुलाच्या आहेत हे कोणी ठरवले आणि त्या पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न दोन्ही व्यवस्थांत सारखेच आहेत आणि त्यांची उत्तरे जाहीरपणे नोंदवली जात असतील तरच त्या प्रणालीतून निघणाऱ्या टक्केवारीवर विसंबता येते.