वाकड्या जबड्याचा घास

झाशीत रेल्वेच्या रुळांपलीकडे, शिवपुरीच्या वाटेवर सीपरी बाजार आहे. शिवपुरीचं जुनं नाव सीपरी. सीपरी बाजाराचा अभिमान म्हणजे हॉकीपटू मेजर ध्यानचंद. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलकीपरशी टक्कर होऊन त्यांचा दात पडला, उपचार घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले आणि भारताने ८-१ असा सामना जिंकला, ही कथा हॉकीप्रेमींना पाठ असते. पडलेला दात सगळ्यांना दिसतो. खालचा जबडा वर्षानुवर्षं एका बाजूला सरकत जातो तेव्हा मात्र घरच्यांचंही लक्ष जात नाही. गेलंच, तर लग्नाचे फोटो काढायच्या वेळी. तेव्हाही सगळे हनुवटीकडे बघतात. हा माणूस चकली कोणत्या बाजूने फोडतो, हे कुणी विचारत नाही. डॉक्टरला खरा रस त्यातच असायला हवा.

चावण्याची मुख्य कामं स्नायूंच्या चार जोड्या करतात. त्यांतल्या दोन बोटांना लागतात. दात घट्ट दाबून गालावर, कानाच्या खाली-पुढे हात ठेवा. टणक गोळा फुगतो तो गालाचा स्नायू, फोडण्या-चिरडण्याचा जोर मुख्यतः त्याचा. कानशिलावर हात ठेवला की पंख्यासारखा पसरलेला दुसरा लागतो. जबडा जागेवर धरून ठेवणं आणि हलका मिटणं ही त्याची खासियत. उरलेल्या दोन जोड्या आत खोल आहेत. त्यांतली एक गालाच्या स्नायूला आतून साथ देते, तर दुसरी जबडा पुढे आणि बाजूला सरकवते. चारही जोड्यांना हुकूम मिळतो तो मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूकडून. घास ज्या बाजूला असेल त्या बाजूचा स्नायू जास्त राबतो, हे निरोगी माणसातही खरं आहे. त्यामुळे डाव्या-उजव्यातला थोडा फरक हा आजार नव्हे. या विषयातले बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात.

जबडा वाकडा होण्याची कारणं एकसारखी नाहीत. लहानपणी हनुवटीवर पडून सांध्याजवळचं हाड मोडलं किंवा कानाचा संसर्ग सांध्यापर्यंत गेला, तर तो सांधा जखडतो, त्या बाजूची वाढ खुंटते आणि हनुवटी त्याच बाजूला वळते. याच्या उलट, एका बाजूचं सांध्याचं टोक थांबायचं सोडून वाढतच राहिलं तर हनुवटी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. तिसरा प्रकार फसवा आहे. वरचा जबडा अरुंद असतो, दात नीट बसत नाहीत, म्हणून मूल मिटताना खालचा जबडा थोडा बाजूला सरकवतं. हाड अजून सरळ असतं, फक्त सवय वाकडी. पण वाढत्या वयात ही सवय हाडालाही आपल्या मागे ओढू शकते.

दात कसे जुळतात यावरून चाव्याचं वर्गीकरण अमेरिकेचे एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलं. पण ती नोंद स्थिर दातांची. चालत्या स्नायूंकडे दंतवैद्यकाचं लक्ष खऱ्या अर्थाने वळलं ते १९४९ मध्ये, रॉबर्ट मॉयर्स यांनी दातांच्या ठेवणीसाठी स्नायूंचे विद्युत आलेख काढले तेव्हा. गालावर आणि कानशिलावर चकत्या चिकटवायच्या आणि स्नायूची वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजायची. ऐकायला सोपं, पण गालाची चरबी, दाढी किंवा चकती जरा हलली तरी आकडा बदलतो. मिलानच्या फेरारियो आणि स्फोर्त्सा यांनी यावर सुरेख तोड काढली: आधी दाढांमध्ये कापसाच्या वळ्या ठेवून दाबायला लावायचं, मग तोच माणूस स्वतःच्या दातांवर दाबतो, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या तुलनेत मोजायचा. कापसावर दातांची गाठभेटच होत नाही, त्यामुळे फरक पडला तर तो दातांच्या ठेवणीचा. डाव्या-उजव्यातला असमतोल काढताना त्यांच्या फरकाला बेरजेने भागतात: समजा उजवीकडे ६० आणि डावीकडे ४० मायक्रोव्होल्ट आले, तर फरक २० आणि बेरीज १००, म्हणजे असमतोल २० टक्के.

वाकड्या जबड्याच्या लोकांत काय सापडतं? खालचा जबडा बराच पुढे आलेल्यांमध्ये दाढांची गाठभेट कमी असते, चावण्याचा जोर कमी असतो आणि गालाच्या स्नायूची विद्युत क्रिया कमी असते, हे वारंवार दिसलं आहे. एका बाजूला उलटा चावा असलेल्यांत, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात अशांत, घास चावताना जबड्याचं वळण नेहमीच्या उलट्या दिशेनेही जाताना दिसतं. बाजूला झुकलेल्या जबड्यात मात्र कोणत्या बाजूचा स्नायू जास्त काम करतो, याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कारण मूळ कारणं वेगळी आहेत. सांधा जखडलेला आणि सवयीने सरकलेला, दोघांना एकाच यादीत बसवलं की गोंधळ होणारच. केवळ आलेखावरून निदान सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

झाशी ज्या बुंदेलखंडात आहे, तिथे आणखी एक गुंता आहे: सुपारी आणि गुटखा. दिवसभर चघळत राहिलं की गालाचा स्नायू जाड होतो, अनेकदा एकाच बाजूचा. चेहरा वाकडा दिसतो, पण हाड सरळच असतं. त्यातच तोंडाच्या आतलं अस्तर आवळून तोंड उघडेनासं होतं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराची भारतातून नोंद केली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, तरी सवय कुठे गेली?

मोठ्या माणसाचा वाकडेपणा हाडात असेल, तर दातांच्या तारांबरोबर शस्त्रक्रियाही लागते. खालच्या जबड्याचा मागचा भाग दोन्ही बाजूंना उभा चिरून पुढचा भाग सरकवण्याची पद्धत ट्राउनर आणि ओबवेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली. आजही तिचीच सुधारित रूपं वापरतात. आरसा लवकर समाधानी होतो, स्नायू होत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर चावण्याचा जोर आधी घटतो, मग महिन्यामहिन्यांनी वाढतो, आणि बऱ्याच जणांत तो निरोगी माणसाइतका होतही नाही. मेंदूने जुन्या वळणावर बसवलेलं चावणं एका दिवसात पुसलं जात नाही. म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम आणि मऊपासून कडकपर्यंत टप्प्याटप्प्याने खाणं टाळू नये.

मुलांच्या बाबतीत घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला सरळ बसवून तोंड हळूहळू मिटायला सांगा. वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट आणि खालची फट तोंड उघडं असताना समोरासमोर येत असतील, पण मिटताना शेवटच्या क्षणी खालची फट बाजूला सटकत असेल, तर दात बदलायची वाट न पाहता तारा लावणाऱ्या डॉक्टरकडे न्यावं. या वयात वरचा जबडा रुंद करणं सोपं जातं.