तेलाच्या वादात पेट्रोल विसरू नका

चेनसॉचा सायलेन्सर मोकळा केला, पोर्ट घासून रुंद केले, की पुढचा प्रश्न ठरलेला: आता पेट्रोलमध्ये तेल किती? कोणी 50:1 सांगतं, कोणी 32:1. ‘थोडं जास्तच घाल, इंजिनला बरं’ म्हणणारे उस्ताद तर गल्लोगल्ली भेटतात.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंजिनाच्या तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जातात, त्यामुळे बेअरिंगला आणि पिस्टनला तेल मिळायचं ते पेट्रोलबरोबरच. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. स्कूटरमध्ये पंपावर तेल मिसळून घेतलेल्या पिढीला हे गणित नवं नाही.

गंमत पुढे आहे. तेल दुप्पट केलं तरी कार्बोरेटरचं छिद्र तेवढंच राहतं. त्यातून तेल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल कमी गेलं, साधारण 2 टक्क्यांनी. म्हणजे तेल वाढवून मिश्रण ‘श्रीमंत’ होत नाही, उलट हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पिस्टनला थंडावा देण्यात पेट्रोलचा मोठा वाटा असतो. ते कमी पडलं की पिस्टन तापतो, ओरखडतो आणि शेवटी जाम होतो.

तरीही हे 2 टक्के किरकोळच. खरा फरक पंपावर पडतो, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्यामुळे साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या करवतीत हे इंधन ओतलं, तर मिश्रण 7-8 टक्क्यांनी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, तेलाच्या फरकाच्या जवळपास चौपट. त्यातच सायलेन्सर मोकळा केल्याने हवा जास्त वाहू लागलेली असते. भांडायचंच तर यावर भांडावं!

इथेनॉलची दुसरी खोड पावसाळ्यात कळते. ते हवेतली ओल शोषतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून कॅनच्या तळाशी बसतात. या थरात तेल जवळजवळ नसतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो. म्हणून मिश्रण गरजेपुरतंच करा, कॅन घट्ट बंद ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घ्यावं का? गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर जरूर. तिथे ठोके बसण्याचा धोका असतो. नुसता सायलेन्सर मोकळा केला असेल तर ते पैसे वाया.

माझं मत विचाराल तर 40:1, म्हणजे लिटरला 25 मिली. कंपनीने याहून जास्त तेल सांगितलं असेल तर तिचं ऐकावं. प्रमाण एकदा ठरलं की बदलू नये, आणि कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसवरचं इंधन ठरवणारा, त्याच मिश्रणावर जुळवावा. पूर्ण रेसवर, लाकडाला न लावता, आवाज किंचित फडफडता हवा; पातं लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हायला हवा. मोकळ्यातही सलग किंचाळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, लगेच थांबवा.

तेल घेताना बाटलीवर ‘जासो एफडी’ शोधा. ‘टीसी-डब्ल्यू3’ लिहिलेलं तेल होडीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं असतं. ते स्वस्त मिळालं तरी चेनसॉत घालू नका.