खाडीकाठ – भाग ७ : वैशाखात मागे राहिलेले

मागच्या आठवड्यात आपण कांदळवनाच्या आत होतो, आज बाहेर उघड्या चिखलावर येऊ. तेही भर वैशाखात. एप्रिल सरला की पाहुणे पक्षी गेले, आता खाडीवर बघण्यासारखं काही नाही, असं पुष्कळ जण मानतात. मला ते मुळीच पटत नाही.

ठिकाण रत्नागिरीची भाट्ये खाडी. साखरप्याकडून येणारी काजळी नदी इथे समुद्राला मिळते. खाडीवर जायचं तर घड्याळाआधी तिथी पाहावी. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी सहाच्या आगेमागे. दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी लांबवर ओसरलेलं. उजाडताना चिखल उघडा मिळतो, आणि ऊन चढतं तसं पाणीही चढत पाखरांना काठाकडे आणतं. उन्हाळ्यात याहून सोयीची वेळ नाही.

म्हणून अमावास्येला पहाटे निघालो. राजिवड्याच्या बाजूला होड्या अजून चिखलात कलंडलेल्या होत्या. मुळे काढणाऱ्या बायका गुडघाभर गाळात उतरल्या होत्या, आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर एक समुद्र बगळा उथळ पाण्यात पंख उघडून इकडून तिकडे धावत मासे उठवत होता. दोघांचीही घाई एकाच कारणाची : पाणी परतायच्या आत काम उरकायचं.

मग दिसले ते राखाडी, साधेसे चिखल्या. चार पावलं पळायचं, थबकायचं, वाकून टिपायचं. चोच आखूड आणि डोळे मोठे, म्हणून हा पक्षी चिखलाच्या वरचं भक्ष्य नजरेनं शोधतो. शेजारी लांब वाकड्या चोचीचा कोरल होता. त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं असतात, त्यामुळे खोल गाळातला किडा किंवा खेकडा त्याला न दिसताही सापडतो. एकाच चिखलावर दोघं जेवतात, पण दोघांची ताटं वेगळी.

चैत्रात याच जागी यातल्या काही चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा चढलेला पाहिला होता. तो विणीचा रंग. अंगावर चरबी साठवून ते लडाखच्या आणि तिबेटच्या उंच पठारांकडे गेले. समुद्रसपाटीवर हिवाळा काढणारा हा एवढासा पक्षी अंडी घालायला चार हजार मीटरांवरही जातो, हे मला दर वर्षी नव्यानं थक्क करतं.

मग हे कोण राहिले? बहुतेक गेल्या पावसाळ्यात जन्मलेली पोरं. किनाऱ्यावरच्या अनेक पक्ष्यांत पहिल्या उन्हाळ्यात वीण होत नाही, कोरलासारख्या मोठ्या पक्ष्यांत तर त्याहून उशिरा. घरटं करायचं नसेल तर एवढा डोंगर ओलांडायची जोखीम कशाला? ती इथेच राहतात, खातात, झिजलेली पिसं बदलतात. रंगही फारसा चढत नाही, म्हणून आपल्याला ती दिसूनही दिसत नाहीत. आपण ‘रिकामा चिखल’ म्हणतो तो उन्हाळ्यातही या पोरांना पोसत असतो. त्यावर भराव पडला, तर ती जेवणार कुठे?

साडेनऊला पाणी चिखलभर झालं. सगळी पाखरं वाळूच्या उरलेल्या पट्टीवर दाटीनं उभी राहिली, बरीचशी एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. ही त्यांची झोपेची वेळ असते. या वेळी फोटोसाठी पुढे सरकू नये. थवा उठला की कष्टानं साठवलेली चरबी फुकट जळते. मी लांबूनच मोजले : चिखल्या तेवीस, कोरल दोन, लाल पायांचा टिलवा एक.

येताना काठाच्या गाळात निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याबाहेर श्वास घेणाऱ्या या माशांकडे पुढच्या आठवड्यात वळू.