उल्हासकाठचे वांगणी

मुंबईहून कर्जतकडे जाणारी आगगाडी बदलापूर सोडून पुढे निघाली, की शहराची दाटी मागे पडते आणि भातखाचरे दिसू लागतात. पुढचे स्थानक वांगणी. मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवरील हे गाव अंबरनाथ तालुक्यात मोडते. या मार्गावरील ठाणे जिल्ह्याचे हे अखेरचे स्थानक होय. त्यापुढील शेलू रायगड जिल्ह्यात आहे.

गावाच्या पश्चिमेस चंदेरी किल्ल्याची डोंगररांग आहे आणि पूर्वेच्या अंगाने उल्हास नदी वाहते. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर व कल्याण या भागांतून वाहत जाऊन वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. खोऱ्यात पाऊस मुबलक पडत असल्याने भात हे येथील मुख्य पीक आहे. डोंगरालगतच्या पाड्यांत ठाकूर व कातकरी समाजाची वस्ती आढळते. कल्याणहून खोपोलीस जाणारा लोहमार्ग १८५६ साली याच सपाट खोऱ्यातून नेण्यात आला.

अशा गावाचा कारभार दोन वाटांनी चालतो. पहिली वाट महसुलाची. तलाठी या जुन्या नावाने परिचित असलेला अधिकारी गावातील जमिनीची नोंद सातबाऱ्यावर ठेवतो. त्याच्या वर मंडळ अधिकारी, तालुक्यास तहसीलदार, उपविभागास प्रांत आणि जिल्ह्यास जिल्हाधिकारी, अशी ही पायरी आहे. दुसरी वाट लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींची. ग्रामपंचायत पाणी, दिवाबत्ती व स्वच्छता पाहते. तिच्या वर तालुक्याची पंचायत समिती आणि जिल्ह्याची जिल्हा परिषद असते. महाराष्ट्रात ही त्रिस्तरीय रचना १ मे १९६२ पासून अमलात आली. ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदारास बोलण्याचा हक्क आहे.

या व्यवस्थेचे मोल संकटाच्या वेळी कळते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. पहाट झाली तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंस पाणीच पाणी होते आणि गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान नावा घेऊन आले. नौदल, वायुदल, पोलीस आणि जिल्हा प्रशासन धावले. भोवतालच्या गावांतील माणसेही पाण्यात उतरली. दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. पुढे कल्याणहून विशेष गाडीने त्यांना कोल्हापूरकडे पाठविण्यात आले.

पूर ओसरला तरी काम संपत नाही. वाहून गेलेल्या पिकाचा पंचनामा करावयाचा असतो, भिजलेल्या घरांची नोंद घ्यावयाची असते. सातबाऱ्यावरील नोंद बरोबर असेल, तरच शेतकऱ्यास भरपाई वेळेवर मिळते. ग्रामसभेत माणसे जमत असतील, तरच नदीच्या पात्रालगत बांधकाम होऊ देऊ नये, हे कोणी तरी वेळीच बोलून दाखवितो. नदी आपला मार्ग सोडीत नाही. गावाने आपला कारभार जागरूकपणे चालविणे, एवढेच गावाच्या हाती असते.