पुण्याचा मासा, कावेरीचे पाणी

देवनहळ्ळीच्या तळ्याकाठी मत्स्यबीज सोडताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना प्राणवायू भरलेल्या फुगीर पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवून, आतबाहेरची ऊब सारखी झाल्यावरच त्यांची तोंडे सोडण्याची रीत ठाऊक असेल; आणि ती बोटाएवढी पिल्ले गढूळ पाण्यात दिसेनाशी होताना आपल्या हातून काही पुण्य घडले, असे काठावरच्या कोणालाही वाटावे. मक्त्याच्या तळ्यात रोहू-कटला सोडणे ही एक प्रकारची शेतीच; तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु तोच न्याय बंगळूरच्या दक्षिणेस 1987 साली घोषित झालेल्या कावेरी अभयारण्यातील नदीला लावणारे सद्गृहस्थ येथे पदोपदी भेटतात.

अभयारण्य ही हत्ती-बिबट्यांची मिरास, मासा हा वन्यजीव नव्हेच, हा त्यांचा पहिला समज. वस्तुतः 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या व्याख्येतच मासा धरला होता. परवान्यावाचून अभयारण्यातून तो काढणे हा गुन्हाच, मग साधन सुरुंगाचा तोटा असो की जाळे.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला: महसीर सारे एकच, तेव्हा कोणतेही बीज कोणत्याही नदीत चालावे. कावेरीचा मूळ महसीर पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा. 1946 साली काबिनीत व्हॅन इंगेन यांच्या गळाला लागलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा मासा याच जातीचा. निळसर परांचा ‘खुद्री’ मात्र आपल्याकडचा. सायक्सने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे वर्णन केले, आणि पुढे लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात वाढवलेले त्याचे बीज, निव्वळ सद्भावनेने, कावेरीत सोडले गेले. मासा पकडून, तोलून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी गळकऱ्यांच्या 1998 ते 2012 या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा खुद्री वाढत गेल्याचे आणि कुबडा विरळ होत गेल्याचे आढळले. धरणे आणि सुरुंग यांचाही त्यात वाटा आहेच. पण ज्यांना आम्ही रिकामटेकडे म्हणून हसलो, त्यांचेच दप्तर शेवटी पुराव्याला आले, हे मला नमूद केलेच पाहिजे. कुबड्याचे ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चित व्हायला 2018 साल उजाडले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत गेला.

तेव्हा कावेरीत बीज सोडण्यासाठी कोणी वर्गणी मागावयास आला, तर पिशवीत मासा कोणता, एवढे आधी विचारावे.