न घडलेल्या इतिहासाचा नकाशा

डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागायची गोळी कानाला चाटून जाते आणि पानिपतची लढाई मराठे जिंकतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात पुण्याहून मुंबईला निघतात. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ही कथा इंग्रजीतही आहे आणि शालेय पुस्तकातला धडा म्हणून ती अनेकांनी वाचली आहे. त्यात कल्याण मागे पडतं, लांब बोगदा संपतो आणि ‘सरहद’ नावाचं छोटं स्टेशन येतं. तिथे परवाने तपासले जातात, कारण ब्रिटिशांचा अंमल तिथून सुरू होतो.

वाचताना हे स्टेशन सहज निघून जातं. पण या कथेचा नकाशा काढायला बसलं, की गाडी तिथेच अडते. पानिपतच्या वेळी, म्हणजे १७६१ साली, मुंबई बेट इंग्रजांकडे होतं, पण माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी मराठ्यांकडे होती. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात ती पोर्तुगिजांकडून घेतलेली. इंग्रजांनी ती जिंकली १७७४ च्या अखेरीस, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. मग पानिपत जिंकलेल्या मराठ्यांची सरहद माहीमच्या खाडीवर हवी. तो बोगदा पारसिकचा धरला, तर सरहद ठाण्याच्या खाडीपर्यंत आली. म्हणजे त्या जगातही साष्टी इंग्रजांना मिळाली. कधी? कोणत्या तहाने? कथेला हे सांगायची गरज नव्हती. नकाशाला ते टाळता येत नाही. कागदावर रेघ ओढायची, तर ती कुठून तरी न्यावीच लागते.

‘जर-तरला इतिहासात स्थान नाही’ असं आपण म्हणतो. तरी हा नाद फार जुना आहे. अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर काय झालं असतं, याचा विचार रोमन इतिहासकार लिव्हीने दोन हजार वर्षांपूर्वी केला होता. १९३१ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या जर-तरच्या निबंधसंग्रहात विन्स्टन चर्चिल यांचाही लेख होता. आज पर्यायी इतिहासात रमणारी मंडळी जगभर आहेत आणि नकाशा ही त्यांची सर्वांत आवडती वस्तू आहे. एकेकाळी हे नकाशे चित्रासारखे रंगवले जात. आता अनेकांनी मिळून भरलेला, काळाची पट्टी सरकवली की सीमा बदलणारा, बोट ठेवलं की माहिती देणारा नकाशा करता येतो. तो कसा होतो, हे पानिपतच्याच उदाहरणाने पाहू.

पहिला थर जमिनीचा

सर्वांत मोठी चूक इथेच होते. आजचा तयार नकाशा घ्यायचा आणि त्यावर १७६१ च्या सीमा काढायच्या! पण आजच्या नकाशावरची मुंबई भराव टाकून जोडलेली आहे. तेव्हा ती सात बेटं होती. आजच्या नकाशात भीमेवर उजनीचा आणि गोदावरीवर नाथसागराचा निळा फुगवटा दिसतो. ही दोन्ही धरणं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ १७६१ च्या नकाशातही पाण्याखाली असेल, तर तो नकाशा पहिल्याच पायरीला खोटा ठरला. तिकडे पानिपतजवळ यमुनेचं पात्रही या अडीच शतकांत सरकलेलं आहे.

म्हणून आधी जमीन त्या काळात न्यावी लागते. ‘ओपनहिस्टॉरिकलमॅप’ हा लोकसहभागाचा प्रकल्प खऱ्या इतिहासासाठी हेच काम करतो. तिथे प्रत्येक रस्त्याला, सीमेला, इमारतीला सुरुवातीची आणि शेवटाची तारीख जोडता येते. पट्टी १८५० वर नेली, तर बोरीबंदर ते ठाणे रेल्वे दिसता कामा नये, कारण ती १८५३ साली धावली. ‘ओपनजिओफिक्शन’ या दुसऱ्या प्रकल्पात लोक त्याच जातीची साधनं वापरून एक संपूर्ण काल्पनिक जग रेखाटतात. पर्यायी इतिहासाच्या नकाशाला या दोन्ही प्रकल्पांकडून शिकावं लागतं: एकाकडून तारखांची शिस्त, दुसऱ्याकडून कल्पनेची मोकळीक.

दुसरा थर घडलेल्याचा

नकाशावरची प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका रूपात साठवली जाते: बिंदू, रेषा किंवा बंदिस्त क्षेत्र. कुंजपुऱ्याची गढी बिंदू, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांच्या फौजेची वाट रेषा, सुभा हे क्षेत्र. ‘जिओजेसन’ या प्रचलित पद्धतीत ही माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत बसते. तिचा एक नियम नवख्यांना हमखास चकवतो: आधी रेखांश, मग अक्षांश. उलटं लिहिलं, तर पानिपत हरियाणातून उठून स्वालबार्डजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं. दुसरी मेख शेजाऱ्यांच्या सीमेची. दोघांनी एकच सीमा वेगवेगळी रेखाटली, तर मध्ये कोणाचीच नसलेली चिंचोळी पट्टी उरते. म्हणून सामाईक रेघ एकदाच काढायची आणि दोन्ही क्षेत्रांनी तीच वापरायची.

या थरासाठी आपल्याकडे साधनांची श्रीमंती आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतपर्यंतच्या पत्रांचाच. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हाताशी आहे. उदगीर, बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, दिल्ली, कुंजपुरा, पानिपत हे टप्पे तारखांसह मांडून काळाची पट्टी सरकवत न्या. ऑक्टोबर १७६० पाशी थांबा. मराठे उत्तरेला कुंजपुऱ्याकडे आहेत आणि त्यांच्या दक्षिणेला, बागपतपाशी, अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली यमुना उतरतोय. दोन बिंदू एकमेकांना ओलांडून जातात. ज्यांचं घर दक्षिणेला ते उत्तरेला अडकतात. ज्याची वाट काबूलची तो त्यांच्या आणि दिल्लीच्या मधे उभा राहतो. रसद का तुटली, पुढच्या अडीच महिन्यांत छावणी उपाशी का पडली, हे पानभर वर्णनाने समजतं त्याहून लवकर इथे डोळ्यांना दिसतं.

तिसरा थर फाट्याचा

आता कल्पनेला वाव. ज्या क्षणी इतिहासाला फाटा फुटतो तो क्षण नेमका ठरवायचा. नारळीकरांनी १४ जानेवारी १७६१ ची ती गोळी निवडली. कोणी बागपतचा उतार निवडेल: तिथे मराठ्यांची चौकी असती तर? कोणी म्हणेल, सूरजमल जाट सोबत राहिला असता तर? हे तीन फाटे तीन वेगळे नकाशे देतात. ते मतदानाने एकात कोंबू नयेत. प्रत्येकाला आपली फांदी मिळावी. मात्र प्रत्येक नोंदीसोबत तीन गोष्टी सक्तीच्या असाव्यात: जागा, कालावधी आणि कारण. ‘१७७० मध्ये लाहोर मराठ्यांकडे’ एवढंच लिहून भागणार नाही. कोणती फौज, कोणत्या पैशाने, पंजाबात शिखांच्या मिसली जोर धरत असताना ते कसं टिकलं, हे सांगावं लागेल. ज्याला हे सांगता येत नाही, त्याची रेघ कच्चीच राहील.

रंगांचं भानही तितकंच महत्त्वाचं. अठराव्या शतकातली सत्ता आजच्या देशांसारखी एकरंगी नव्हती. एकाच परगण्यात बादशहाचं नाव, नवाबाचा कारभार आणि मराठ्यांची चौथाई एकाच वेळी नांदत. तिथे भगवा किंवा हिरवा सपाट रंग भरणं म्हणजे आजची समजूत तेव्हाच्या माणसांवर लादणं. आडव्या-तिरप्या रेघांनी एकावर एक हक्क दाखवता येतात, तेच करावं. आणि फाट्यापासून वर्षं जसजशी लांब जातील तसतसा रंग फिका होत जावा. १७६५ चा अंदाज बांधता येतो. १९६५ चा हा बहुतांशी कल्पनेचा खेळ असतो, आणि हा फरक पाहणाऱ्याला कळलाच पाहिजे.

अनेक हातांची शिस्त

अनेकांनी भरायचा नकाशा विश्वासावर चालतो, पण हा विश्वास नोंदींनी राखावा लागतो. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ने हे दाखवून दिलं आहे. तिथे प्रत्येक बदलामागे कोणी, कधी हे नोंदलेलं राहतं आणि चुकीचा बदल मागे फिरवता येतो. मात्र तिथे काल्पनिक माहिती भरायला सक्त मनाई आहे. रुग्णवाहिकाही तो नकाशा पाहून धावू शकते! आपला खेळ आपल्या वेगळ्या अंगणातच खेळायचा. दुसरं, भारताच्या बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत छापणं हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पट्टी आजच्या काळापर्यंत आणायची असेल, तर आधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि ‘काल्पनिक’ हा शब्द नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको, प्रत्येक दृश्यावर ठळक हवा. कारण चित्र कापून पुढे पाठवायला आज एक क्षण पुरतो आणि त्यात पहिली गळून पडते ती तळटीप. आपल्याकडे इतिहासावरून डोकी फुटतात. मनात रचलेली सरहद उद्या कोणी पुरावा म्हणून नाचवली, तर त्याचा दोष रेघ ओढणाऱ्याकडेही येतो.

तरीही हा उद्योग करावा, असं मी मनापासून म्हणेन. मराठीत पराभवालाच ‘पानिपत’ म्हणतात. अडीच शतकं आपण तो दिवस नशिबाच्या खात्यावर टाकत आलो. नकाशा नशीब मानत नाही. तो नदीचा उतार विचारतो, धान्याच्या गाड्या मोजायला लावतो, मित्र कोण आणि किती कोसांवर होता ते दाखवतो. काय घडू शकलं असतं हे शोधताना जे घडलं तेच अधिक स्वच्छ दिसू लागतं.

कोणाला हे काम हाती घ्यायचं असेल, तर सुरुवात तिसऱ्या थरापासून करू नका. आपल्या तालुक्यातली धरणाखाली गेलेली गावं, बुजलेले घाटरस्ते, जुनी पेठ आणि नदीचा जुना उतार आधी तारखांसह नोंदवा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, गॅझेटिअर उघडा, मोडी वाचता येणारा माणूस गाठा. घडलेल्याचा हा थर पक्का झाला, की मग त्यावर खुशाल फाटे फोडा.